सुलट बाजू

संध्याकाळी गल्लीत पसरलेल्या गालिच्यावर उज्ज्वला गुडघे टेकून पांढरी फीत शिवत होती. मंडपवाल्याने टाकून दिलेला जाड राखाडी गालिचा होता तो. जळका भाग कापून काढल्यावर उरला, तेवढा ललितच्या गाड्यांना पुरत होता. ललित तिचा धाकटा दीर. रिमोटवर पळणाऱ्या वीतभर गाड्यांच्या शर्यतींचं त्याला आणि त्याच्या मित्रांना वेड होतं, पण कायमची जागा कुठेच नव्हती. आज जो प्लॉट मोकळा, तिथे पुढच्या रविवारी पाया खणलेला असायचा. म्हणून त्यांना गुंडाळून कुठेही नेता येईल असा ट्रॅक हवा होता, आणि तोही फुकटात पडला तर बरं.

ललित करवतीने पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या चिरत होता. कापडाचे ताके ज्यावर गुंडाळतात, त्या नळ्या. अर्धी नळी कडेला पालथी लावली की गाडी तिला धडकून परत आत येते.

दारातल्या खुर्चीत तिचा नवरा योगराज बसला होता. पलसाण्याच्या साड्यांच्या मिलमध्ये तो फोल्डिंग खात्याचा, म्हणजे ताके गुंडाळणाऱ्यांचा मुकादम. होळीनंतर झटका आला आणि डावं अंग गेलं. हात थोडा परतला. पायही परतलाय, असं व्यायाम शिकवायला येणारी मुलगी सांगायची. "जोर आहे पायात, काकी. काकाच उठत नाहीत." उज्ज्वला रोज सकाळी विचारायची, "उठता का?" तो भिंतीकडे तोंड करायचा. एकदा म्हणाला, "उठीसन काय करू?" तिने विचारणं सोडलं नाही, फक्त तिचा आवाज लहान होत गेला.

शिवण संपली. नळ्या काढून ठेवल्या. उज्ज्वलाने गालिचा उलटा केला आणि एका टोकाने गुंडाळायला घेतला. असला गालिचा ज्या अंगाने गुंडाळावा, त्या अंगाला त्याची टोकं वळून राहतात. सुलट बाजू बाहेर ठेवली, तर पसरल्यावर टोकं जमिनीला चिकटून बसतात. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण ठाऊक होतं.

"नही."

दोघांनी वर पाहिलं. योगराज पुढे झुकला होता.

"सुल्टी मझार."

सुलट बाजू आत. मिलमध्ये हाच नियम. छापाचं अंग आत ठेवलं की मळत नाही; बाहेर राहिलं तर माल परत येतो.

"दादा, हाऊ काय साड्यासना ताका शे का?" ललित हसत म्हणाला.

उज्ज्वलाने त्याचं मनगट दाबलं. "दादा सांगतात तसं कर."

गालिचा पुन्हा पालटला. योगराज उजव्या हाताने खुणा करू लागला. "ताणीसन धर. काठवर काठ येवू दे." मग ललितकडे बघत म्हणाला, "तुना हात ढिला शे. तुले मिलमा कोणी झाडू बी देणार नही."

जीभ जड होती, पण शब्द ओळखू येत होते. उज्ज्वला खाली मान घालून गुंडाळत राहिली. टोकं वर येणार हे तिला माहीत होतं.

रविवारी ललितने दादालाही टेम्पोत पुढे बसवलं. "तू चाल. पसराले तूच सांगशी."

दिंडोलीच्या प्लॉटवर उज्ज्वलाने टेम्पोतून आणलेल्या खुर्चीत त्याला बसवलं, आणि सगळ्यांसमोर गुंडाळी उघडली. दोन्ही टोकं कानासारखी वर वळली. हातांनी दाबली, पुन्हा वळली. पहिली गाडी सुसाट निघाली, वळणावर उचललेल्या काठाला लागली आणि उलटली. तिच्या मागून दुसरीही. चाकं हवेत फिरत राहिली.

"अल्या, आ कोणे वाळ्युं?" एक पोरगा गुजरातीत ओरडला. "आ तो होडी बनावी दीधी!"

कोणी गुंडाळलं हे, होडीच केली, म्हणून हशा झाला. ललित दादाकडे न बघता गाडी सरळ करू लागला.

"मैंने गुंडाला," उज्ज्वला म्हणाली. "गलती मेरी है."

योगराजने तिच्याकडे पाहिलं. तिने आधी गालिचा कसा धरला होता, ते त्याला आता दिसलं असावं. त्या संध्याकाळी मुकादमकीचा जेवढा मान त्याला परत मिळाला होता, तेवढाही आपण गप्प राहून काढून घेतला की काय? आता तो तोंड फिरवेल, असं तिला वाटलं. पण इथे भिंत नव्हती.

"नही," तो म्हणाला. "मी."

पोरांना ते कळलं नाही. त्याने खुर्चीचा हात धरला. एकदा अंग उचललं, ते परत खाली बसलं. उज्ज्वलाचे हात पुढे झाले. तिने ते पदरात गुंडाळून धरले. दुसऱ्यांदा तो उठला. उजवा पाय टाकला, डावा मातीतून ओढला. पुन्हा उजवा. वळणाशी आल्यावर त्याने डावा पाय चपलेसकट वर वळलेल्या काठावर ठेवला आणि हळूहळू त्यावर भार दिला. काठ जमिनीला टेकला.

प्लॉटच्या कडेचा एक मोठा दगड छातीशी धरून ललित धावत आला.

"वहिनी, सरक. हाऊ ठेवी देऊत, म्हणजे दादाले बसता येई."

"दगड नको," उज्ज्वला म्हणाली. "गाडी सोड."