शिंगांची अदलाबदल

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी ग्रामितोनने पहिलं शिंग उंचावलं, आईवडिलांच्या नावाने एका दमात पिऊन रिकामं केलं आणि उलटं धरून दाखवलं. एक थेंबही पडला नाही. लांबलचक टेबलाच्या दोन्ही अंगांना बसलेल्या दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या.

समोर बसलेल्या ओनिसेनेही तेच केलं.

काखेतीच्या खोऱ्यातल्या वरच्या गावात एकोणीस वर्षं द्राक्षतोडणीचा उत्सव भरत होता, कारण तामादाची, म्हणजे पंगतीच्या म्होरक्याची, खुर्ची एकोणीस वर्षं ग्रामितोनकडे होती. ज्या गावचा तामादा, त्या गावात उत्सव. बारा शिंगं वाईन प्यायची, प्रत्येक शिंगाआधी चार शब्द बोलायचे, चौथ्या आणि आठव्या शिंगानंतर नाचायचं. जीभ अडखळली किंवा पाऊल चुकलं की खुर्ची गेली. त्या खुर्चीसाठी समोर बसलेला ओनिसे खालच्या गावचा, वयाने बारा वर्षांनी लहान. यंदा तो वाळल्यासारखा दिसत होता. तोडणीचे कष्ट, असं लोक म्हणत होते.

ग्रामितोन अडुसष्ट वर्षांचा. मार्चमध्ये त्याचं हृदय बंद पडता पडता राहिलं होतं. तेलावी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, यापुढे पोटात वाईनचा थेंब नको. एक शिंगही जिवावर बेतेल. ही गोष्ट फक्त त्याला आणि त्याची बायको दारिको हिला ठाऊक होती. आपल्या नवऱ्याच्या शिंगात घरच्या सुरईतून बायकोनेच ओतायचं, अशी रीत. दारिकोच्या सुरईत सकाळी गाळलेला द्राक्षरस होता.

तिला दोन बादल्या रस गाळताना पाहून त्याने विचारलं होतं, एवढा कशाला?

"नातवंडं पितात," ती म्हणाली होती.

सकाळी दहाच्या सुमाराला बसने आलेल्या पाहुण्यांसमोर त्याने डोळे बांधून आठ वाईन ओळखल्या होत्या. घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा, त्यामुळे त्यात धोका नव्हता. कुठल्या मळ्यातली एवढंच नाही, मळ्यातल्या कुठल्या बांधाकडची, तेही त्याने सांगितलं. आठही बरोबर निघाल्या. पाहुण्यांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

तिसऱ्या शिंगावर एक गांधीलमाशी येऊन बसली. ग्रामितोनच्या कपाळाला घाम आला. माशीला गोडाचा वास लागतो. त्याने हात झटकून तिला हाकललं आणि समोर पाहिलं. ओनिसेही माशा हाकलत होता. ऑक्टोबरात माशा सगळीकडेच असतात.

"काका, पाय थकले असतील तर सांगा," ओनिसे मोठ्याने म्हणाला. "खुर्ची मी सांभाळतो."

"तू आधी शिंग सांभाळ. हात थरथरतोय तुझा."

वरचं गाव खदखदून हसलं. खालच्या गावानेही हसू लपवलं नाही.

चौथ्या शिंगानंतर ढोल वाजले. ग्रामितोन दारिकोसमोर उभा राहिला, हात पसरून तिच्याभोवती घारीसारखा फिरू लागला. स्पर्श करायचा नाही, नजर सोडायची नाही, असा तो नाच. पण त्याची नजर सुटली. दारिकोने सुरई ओनिसेच्या बायकोपाशी, त्सियालापाशी, ठेवली होती.

"तिच्याजवळ कशाला ठेवलीस?" तो ओठ न हलवता म्हणाला.

"पायांकडे बघा. माझ्या माहेरची आहे ती. दुसऱ्याच्या सुरईत नाक घालणाऱ्यातली नाही."

पाऊल चुकलं नाही. आठव्या शिंगानंतरही चुकलं नाही. नवव्याला तो उत्तरेच्या बर्फाच्या डोंगरांवर बोलला, दहाव्याला गेलेल्या मित्रांवर, आणि म्हातारी माणसं डोळे पुसू लागली. ओनिसेही हटला नाही. तो साधं बोलत होता, पण एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. अकरावं शिंग संपलं तेव्हा दोघेही सरळ उभे होते. बरोबरी झाली तर खुर्ची जुन्याकडेच राहते. वरच्या गावातल्या बायकांनी गाणं धरलं. कोणीतरी ग्रामितोनच्या गळ्यात द्राक्षवेलींचा हारही घातला.

बारावं शिंग भरून झालं आणि पाहुण्यांमधली पोलंडची एक बाई उठली. तिने वाटाड्यामार्फत विचारलं की पूर्वी म्हणे शेवटच्या शिंगाची अदलाबदल व्हायची. आम्हाला ते बघायला मिळेल का?

चाळीस वर्षांत ते कोणी केलं नव्हतं. पण पाहुण्याने मागावं आणि यजमानाने नाही म्हणावं, असं त्या खोऱ्यात कधी घडलं नव्हतं.

ग्रामितोनने ओनिसेकडे पाहिलं. ओनिसे आपल्या शिंगात पाहत होता. मग दोघांनी हात पुढे केले आणि शिंगं बदलली.

ओनिसे आधी प्यायला. पहिल्या घोटाला थांबला. ग्रामितोन वाट पाहत राहिला. एकोणीस वर्षांचं नाव आता त्या एका तोंडावर अवलंबून होतं. ओनिसेने शिंग तळापर्यंत रिकामं केलं, उलटं धरलं आणि मिशी पुसली.

"काका," तो म्हणाला, "अशी वाईन मी उभ्या जन्मात प्यायलो नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ग्रामितोनला कळेना, हे उपकार आहेत की थट्टा. आता त्याची पाळी होती. ओनिसेच्या रांजणातली वाईन खोऱ्यात सगळ्यात कडक म्हणून नावाजलेली. पाव लिटरचं शिंग काठोकाठ भरलेलं. डॉक्टरीणबाईंचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

त्याने दारिकोकडे पाहिलं. ती त्सियालाच्या शेजारी हाताची घडी घालून उभी होती. तिने शांतपणे होकारार्थी मान डोलावली. प्या.

त्याच्या छातीत कळ आली, पण ती हृदयाची नव्हती. त्याने हार नीट केला, शिंग ओठांना लावलं आणि डोळे मिटून पहिला घोट घेतला.

द्राक्षरस होता, सकाळीच गाळलेला, त्याच्याच मळ्यातल्या बिहीच्या झाडाकडच्या बांधाचा.