विश्रांतीचा आकडा

पडद्यावरचा आकडा पुन्हा साडेपाचावर गेला आणि डॉ. भटकरांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा विभागात कुणाचं तरी काहीतरी जातं. या वेळी शेळीचा जीव जाणार होता.

शेळी सतरा नंबरची. अकोल्यातल्या त्या प्रयोगशाळेत जनावराला नाव द्यायचं नाही, कुरवाळायचं नाही, वरचं खाऊ घालायचं नाही, हा भटकर सरांचा नियम. नाव दिलं की जीव लागतो, जीव लागला की आकडे बिघडतात, असं ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. नियम पाळला जातो की नाही याची त्यांना इतकी काळजी, की संध्याकाळी सगळे गेल्यावर गोठ्याचं कुलूप ते स्वतः पाहून मगच घरी जात.

सतराच्या छातीत, हृदयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीभोवती, अंगठीसारखा एक प्रोब बसवला होता. त्याची वायर पाठीतून बाहेर येऊन यंत्राला जोडलेली. हृदय मिनिटाला किती लिटर रक्त ढकलतं, ते पडद्यावर दिसायचं. शेळी शांत उभी असताना हा आकडा स्थिर आला, की मग औषध सुरू करायचं. पीएच.डी. करणारी पौर्णिमा रोज सांगायची, चार येतो. सर रोज बघायला यायचे, आणि साडेपाच दिसायचा.

"मी नसलो की चार, मी आलो की साडेपाच," सर म्हणाले. "आकडे इथे बघून लिहितेस की होस्टेलवरून लिहून आणतेस?"

पौर्णिमाने मान खाली घातली. खोट्या आकड्यांचा ठपका बसला, की पुढची पायरी म्हणजे सामान बांधून गावी, चांदूर रेल्वेला.

"उद्या झिरो घेऊ," सर म्हणाले.

झिरो म्हणजे हृदय थांबवून घेतलेला आकडा. रक्त वाहायचं थांबल्यावरही पडद्यावर शून्य आलं नाही, तर प्रोब खोटा. शून्य आलं, तर पौर्णिमा खोटी. शेळी दोन्हीकडून जाणार होती.

"सायेब, बिमार नाही ना थे," दोर धरून उभे असलेले, गोठा सांभाळणारे नत्थुजी म्हणाले. "कुटार खाते, पानी पेते. कायले मारता?"

"तुम्ही बोलूच नका, नत्थुजी."

नत्थुजींची बाजू आधीच कमकुवत होती. गेल्या आठवड्यात गोठ्याच्या जाळीबाहेर हरभऱ्याचे दोन घाटे पडलेले सापडले होते. "मले दात तरी हायेत का घाटे खायाले?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना तोंड उघडून दाखवलं होतं. सरांनी फार चौकशी केली नाही. 'बाहेरचे खाद्य आणू नये' अशी सूचना स्वतःच्या सहीने दारावर लावली आणि विषय मिटवला.

आकडा का चढतो, हे पौर्णिमाला केव्हाच कळलं होतं. सरांची मोटारसायकल आवारात शिरली, की व्हरांड्यातले सगळे भिंतीला चिकटत. चहावाला रिकामे कप तसेच टाकून निघून जाई. तिचं स्वतःचं हृदयही त्या वेळी साडेपाचावर जात असणार. फक्त तिला प्रोब बसवलेला नव्हता. शेळी सरांना भीत होती, दुसरं काय! पण विभागात आजवर कुणी सरांना हे सांगितलं नव्हतं. जे सांगू शकले असते, त्यांची निवृत्ती जवळ आली होती.

तिने सतराकडे पाहिलं. सतरा कान हलवत उभी होती. उद्याचं तिला कुणी कळवलं नव्हतं.

"सर," पौर्णिमा म्हणाली, "मशीन बरोबर हाये. अन् मीबी. तुमी जरा बाहेर जाऊन पाहा."

"का?"

"थे तुमाले भेते."

नत्थुजींनी दोर दोन्ही हातांनी धरला. सरांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. मग ते ज्या भाषेत बोलले, ती विभागाने त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"मले? मले भेते हे?"

आवाजात राग नव्हता. वर्गात पहिला येणाऱ्या मुलाला कुणी नापास म्हणावं, तसा तो आवाज होता. सर दोन पावलं पुढे आले. पडद्यावर सहा आला. सतराने एका हिसक्यात नत्थुजींच्या हातून दोर सोडवला, वायर ताणली गेली, आणि तिने सरांच्या ॲप्रनच्या उजव्या खिशात डोळ्यांपर्यंत तोंड घातलं. शोधाशोध केली नाही. डावा खिसा हुंगलासुद्धा नाही.

तोंड बाहेर आलं तेव्हा त्यात हरभऱ्याची एक हिरवी डहाळी होती, घाट्यांसकट.

सतरा ती कचाकचा खाऊ लागली. पौर्णिमाने पडद्याकडे पाहिलं. नत्थुजींनी छताकडे पाहिलं. दारावरच्या सूचनेकडे कुणीही पाहिलं नाही.

"उद्याचा झिरो रद्द," शेवटी सर म्हणाले. "मी बाहेर थांबतो. चार आला की लिही."

जाताना त्यांनी ॲप्रन काढून घडी करून काखेत घेतला आणि दार लावून घेतलं. आकडा उतरू लागला. पाच. साडेचार. मग चार, आणि तो तिथेच राहिला. पौर्णिमाने पेन उचललं.

"उतरला का वं?" सरांनी बाहेरून विचारलं.

ती 'हो' म्हणणार, तोच सतराने कान टवकारले, आणि पडद्यावर साडेपाच आला.