भूतानची तालीम

"सोड हात," कडुबा म्हणाला.

चंपाबाईनं नवऱ्याचा हात सोडला नाही. विद्यापीठामागच्या बुद्ध लेणीच्या वीसच पायऱ्या झाल्या होत्या आणि तिला धाप लागली होती.

"तिकडं मी नसणार. मग कुणाचा धरशील? सम्यकचा? त्याच्यामागं तीस माणसं हायेत."

पुढच्या महिन्यात विहारातली माणसं भूतानला निघाली होती. उभ्या कड्याला चिकटलेला तिथला मठ चंपाबाई विहारातल्या कॅलेंडरावर बघायची. महिना सरला तरी तिनं ते पान कुणाला उलटू दिलं नव्हतं. नावं दोघांचीही दिली होती. पण सहल नेणाऱ्या सम्यकनं आधार कार्डं तपासली आणि गाडं अडलं. पंचाहत्तरीपुढचं माणूस तो नेत नव्हता, आणि कडुबा कार्डावर अठ्ठ्याहत्तरचा निघाला. खरा तो सत्तरचा. दुरुस्तीला आता वेळ नव्हता.

"एसटी फुकट व्हावी म्हणून वय वाढवलं," चंपाबाई म्हणाली. "भोगा आता."

"फुकटात मी काय काशीला गेलतो का? पैठणलाच येत व्हतो ना?"

तीन वर्षांमागं लेकीला, मोनिकाला, सातव्या महिन्यातच जुळं झालं, तेव्हा चंपाबाई सहा महिने पैठणला जाऊन राहिली होती. कडुबा दिवसाआड एसटीनं यायचा. ओट्यावर बसून चहा प्यायचा, तिच्याकडं बघायचा आणि शेवटच्या गाडीनं परत जायचा.

"जावई हसायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, मामा नातवंडं बघायला येतेत का मामीला?"

"हसू दे. तू चढ."

"मी बी नाय जात. एकलीनं काय बघू तिथं?"

"बघ अन् मला येऊन सांग. भाजी घेऊन आलीस तरी तासभर सांगत बसतीस. भूतानाला तर वरीस पुरायचं नाय."

ती हसली. हसताना बोटं सैल झाली. तेवढ्यात कडुबानं हात काढून घेतला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"मी हितंच हाय. वरपर्यंत जा. मागं वळायचं नाय."

चंपाबाईनं पदर खोचला. पहिल्याच पायरीवर ती डगमगली. कडुबाचे हात सुटले, पुन्हा बांधले गेले. मग गुडघ्यावर तळवा टेकवत ती एकेक पायरी चढू लागली. वरून उतरणाऱ्या एका बाईनं हात पुढं केला, तर तिनं मानेनंच नको म्हटलं. वळणापाशी थांबली, श्वास घेतला, आणि तशीच पुढं निघाली. आता तिच्या लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता.

खाली कडुबा उगाच खोकला. मग जरा मोठ्यानं खोकला.