बागेचा मालक

फेब्रुवारीतल्या एका रविवारी एरंडवण्यातल्या बंगल्याची बाग वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी सगळ्यांना खुली होती. प्रमिलाताई डेलिया बघायला वाकल्या आणि शेजारून नाना नाहीसे झाले. नानांना विस्मरणाचा आजार जडल्यापासून नवऱ्याचा हात त्यांनी कधी सोडला नव्हता. धास्तावून त्यांनी कांचनाच्या झाडाखाली, विहिरीपाशी, वेलींच्या मांडवात शोधलं. नाना फाटकात सापडले, येणाऱ्यांना दटावताना, “फुलांना हात लावायचा नाही!” प्रमिलाताई बागेच्या मालकीणबाईंना म्हणाल्या, “माफ करा हं, त्यांना वाटतंय, बाग त्यांचीच आहे.” “वाटू द्या. सकाळपासून माझं कुणी ऐकत नव्हतं, त्यांचं ऐकतात.” प्रमिलाताईंनी नवऱ्याला विनवलं, “अहो, घरी चला.” नानांनी परक्या नजरेनं पाहिलं. “या, आत या. आमची ही आतच आहे, ती दाखवेल फुलं.” “जा तुम्ही, मी आहे इथं,” मालकीणबाई कुजबुजल्या. दर पावलाला मागं बघत प्रमिलाताई आत गेल्या.