जुळ्या तुळया

वाचनालयाखालच्या दालनात तपासणीसाठी छताच्या तुळईवर सुनेने रबरी हातोडी मारली. यंत्राने सेकंदाला साडेचौदा कंपनं दाखवली. दहा वर्षांपूर्वी सासऱ्यांनी नोंदवली तेवढीच. "बघ सूनबाई, माझ्यासारखीच ठणठणीत," निवृत्त इंजिनिअर सासरे गुडघा धरून उठत म्हणाले. सुनेच्या मनात पाल चुकचुकली. तिने शेजारच्या जुळ्या तुळईवर तीन ठोके दिले. दरवेळी पंधरा. आत तडा असला की कंपनं घटतात, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. म्हणजे तडा पहिल्या मोजणीआधीचाच. दहा वर्षं सगळे आजारी तुळईलाच निरोगी धरून बसले होते. "बाबा, तेव्हा ही दुसरी का नाही मोजलीत?" "जेवायची वेळ झाली होती," सासरे पुटपुटले. वर वाचनालयात पस्तीस मुलं, त्यांत त्यांची नातही. "अहवालात माझी चूक लिही. मुलांना मी खाली आणतो." आयुष्यभर जिने दणाणून सोडणारे सासरे चवड्यांवर चढत गेले.