आत फिल्म आहे

"फिल्म धुतेय, कुणी दार उघडायचं नाही," असं बजावून नीरजाने बाथरूमची कडी लावली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि दिवा घालवला. तिच्या जुन्या कॅमेऱ्याच्या पोस्टकार्डाएवढ्या त्या फिल्मला लाल दिवासुद्धा खपत नाही. उजेडाची तिरीप लागली की सगळी काळी पडते, हे आता घरात सगळ्यांना पाठ होतं.

तरी मुलीने मोजे विचारलेच. नवऱ्याला साखरेचा डबा सापडेना. तेव्हा वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई शेजारच्या खोलीतून कडाडल्या, "आत फिल्म आहे ना! अर्धा तास दम धरवत नाही?"

आत नीरजा पालथ्या बादलीवर बसून भिंतीला डोकं टेकून होती. डोळे मिटले काय नि उघडे ठेवले काय, सारखंच. मांडीवरच्या ट्रेमध्ये नळाचं साधं पाणी होतं. फिल्मचं शेवटचं पाकीट दिवाळीतच संपलं होतं. बाहेर आवाज जावा म्हणून ती अधूनमधून ट्रे हलवायची, एवढंच.

अर्ध्या तासाने ती सासूबाईंची चादर बदलायला गेली. त्यांना कुशीवर वळवलं, तशा त्या तिच्या कानाशी पुटपुटल्या, "पूर्वी तू फिल्म धुतलीस की व्हिनेगरचा वास पार माझ्या खाटेपर्यंत यायचा. दिवाळीपासून आला नाही."

नीरजाचे हात चादरीवरच थांबले.

"फडताळात बाटली आहे. दोन झाकणं ओतत जा त्या पाण्यात," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याचं नाक माझ्यावर गेलंय."