लाल होईपर्यंत

माझी मुलगी आफरीन जर्मनीतल्या प्रयोगशाळेत केसाहून हजारो पट बारीक, उजेड देणाऱ्या काड्या बनवते. तिने पाठवलेली त्या काड्यांची सीलबंद कुपी घेऊन मी नातीला, इक्राला, भाट्याहून रत्नागिरीला सोनाराकडे नेलं. खोट्या नोटा ओळखायच्या त्याच्या जांभळ्या दिव्याखाली कुपी हिरवीगार उजळली. इक्राने विचारलं, “नाना, अम्मी ईदला येणार ना?” “लाल उजेडाच्या काड्या जमल्या की येईल.” “एवढ्या बारक्या कामाला एवढा वेळ?” बारीक कामातच आयुष्य गेलेला सोनार खो-खो हसला. मी समजावलं, “बाळा, गरम द्रावणात काड्या हळूहळू वाढतात. लहान असताना उजेड हिरवा, मग पिवळा, शेवटी लाल. आच जराशी चुकली की लाल हुकतो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.” तिने कुपी दोन्ही हातांत धरली. दिवा मालवला तरी ती बघत राहिली. मग म्हणाली, “नाना, अम्मीला फोनवर सांगा, आपल्याला हिरवासुद्धा चालेल.”